फाटकावर गमछा असताना

नेपानगरच्या आमच्या कॉलनीत दिवसा आवाज करणं हा गुन्हा होता. बाहेरच्या लोकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, काहीतरी संस्कारांची भानगड असेल. संस्कार वगैरे काही नाही. कागदाच्या मिलमध्ये रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस दिवसा झोपतो, आणि क्वार्टरच्या भिंती इतक्या पातळ की शेजारच्याला शिंक आली तर आपण 'सांभाळून' म्हणावं. म्हणून कॉलनीनं एक रिवाज पाडला होता. ज्याच्या घरी नाइट करून आलेला माणूस झोपला असेल, त्यानं फाटकावर गमछा टाकायचा. गमछा दिसला की दूधवाला कडी वाजवत नसे, भाजीवाला आपली गाडी पुढच्या गल्लीपर्यंत मुकाट ढकलत नेई, आणि आम्ही पोरं चपला हातात घेऊन पळायचो.

आमचा गमछा लाल चौकड्यांचा. पप्पा रात्रपाळीहून आले की खांद्यावरचा तोच गमछा आई काढून घ्यायची आणि फाटकावर टाकायची. त्या दिवशी घरात कुकर लागत नसे. डाळ पातेल्यात शिजे आणि जेवायला उशीर होई. मिक्सर, रेडिओ, बादली, सगळ्यांना सुट्टी. आई आमच्याशी हातवाऱ्यांनी बोलायची, आणि रागवायचीसुद्धा हातवाऱ्यांनीच, जे ओरडण्यापेक्षा वाईट असतं. पप्पा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचे. हलायचे नाहीत, घोरायचे नाहीत. मी दारातून डोकावून बघून यायची. आई हळूच म्हणायची, बघ, घरात शांतता असली की माणसाला कशी गाढ झोप लागते.

मधे एकदा मिलमधली मशीनं बदलायचं काम निघालं आणि पप्पा बराच काळ रात्री घरी असायचे. तेव्हा ते अंगणात फेऱ्या मारत. आम्हाला वाटायचं, नोकरीची काळजी लागली असेल. विचारायची पद्धत आमच्यात नव्हती, आणि पप्पांनीही कधी सांगितलं नाही.

हे सगळं आधी सांगते आहे, कारण नंतर बुऱ्हाणपूरच्या त्या हॉलमध्ये मला हे धड सांगता आलं नाही आणि लोक हसले. लोक हसले याचा मला अजून राग आहे.

आम्ही कॉलनीतली पोरं गप्प राहून खेळायला शिकलो. पत्ते चटईवर ठेवायचे, आपटायचे नाहीत. पुढे हातात मोबाइल आले आणि चौघांच्या टीमनं खेळायचा तो लढाईचा खेळ आला, तेव्हा तोही आम्ही असाच खेळलो. बाकीचं जग हेडसेट लावून एकमेकांवर ओरडत खेळतं. आम्ही आमच्या ओसरीवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. डावीकडे शत्रू दिसला की डाव्या बाजूच्याचा गुडघा एकदा दाबायचा, मागे यायचं असेल तर दोनदा, आणि मी मरते आहे, या लवकर, असं असेल तर कोपरानं ढोसायचं. निरोप एका गुडघ्यातून दुसऱ्या गुडघ्यात जायचा, बोलण्यापेक्षाही लवकर. त्यात काही विद्या नव्हती. आतल्या खोलीत पप्पा झोपलेले असायचे, एवढंच होतं.

आमच्या टीममध्ये मी, शेजारच्या क्वार्टरमधली माझी मैत्रीण आणि तिचा भाऊ, असे तिघं कॉलनीतले. तिघंही बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात, रोज गाडीनं येणारे-जाणारे. चौथा कॉलेजात भेटला. चांदनी गावाजवळ त्याच्या घरच्यांची केळीची बाग आहे, म्हणून आम्ही त्याला केळीवालाच म्हणायचो. बागेच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय असल्यामुळे त्याचा आवाज उघड्या रानाच्या मापाचा होता. पहिल्यांदा आमच्या ओसरीवर सरावाला आला आणि पहिल्याच गोळीला असा ओरडला की आई हातात पळी घेऊन बाहेर आली. ती काही बोलली नाही. पळीनं फाटकावरचा गमछा दाखवला आणि आत गेली. त्यानंतर केळीवाला आमच्याकडे आला की फाटकावर आधी बघायचा, मग पाय आत टाकायचा. आठवड्याभरात त्याचाही गुडघा बोलायला लागला.

मी टीमची कॅप्टन. कुठे जायचं, कधी लपायचं, कुणाला सोडून द्यायचं, हे मी ठरवायची. माझ्या मावशीला हे कळलं तेव्हा भुसावळच्या एका लग्नात तिनं सगळ्यांदेखत विचारलं, काय गं, मुलीची जात असून दिवसभर मोबाइलवर गोळ्या मारतेस म्हणे. मी म्हटलं, हो, मारते, आणि नेमही चांगला आहे. त्यानंतर वऱ्हाडात कुणी मला जेवायला वाढायला सांगितलं नाही. मला ते सोयीचंच झालं.

मग विद्यापीठाच्या कॉलेजांची स्पर्धा बुऱ्हाणपुरात होणार असं जाहीर झालं. मोठा हॉल, मोठी स्क्रीन, प्रेक्षक, आणि नेटवर सगळं लाइव्ह. सूचना आल्या त्यात एक होती: खेळताना टीमचं बोलणं हॉलमध्ये आणि लाइव्हवर ऐकवलं जाईल, तेव्हा सगळ्यांनी माइकवर स्पष्ट बोलावं. लोकांना नुसता खेळ नको असतो, खेळाडू एकमेकांना कसे शिव्या घालतात तेही हवं असतं. आमची पंचाईत झाली. आम्हाला बोलताच येत नव्हतं.

मग आम्ही बोलायला शिकलो. कॉलेज सुटलं की तापीच्या घाटावर जायचो आणि पायऱ्यांवर बसून एकमेकांवर ओरडायचो. डावीकडे. मागे फिर. टाकीमागे कोण आहे बघ. कपडे धुणाऱ्या बायका आमच्याकडे बघून आपसांत काहीबाही बोलायच्या. केळीवाला तर घरी आल्यासारखा खूश. मला मात्र घसा उघडायला वेळ लागला. मी ओरडायला तोंड उघडलं की आईचा हात डोळ्यांसमोर यायचा. पण एके दिवशी उघडला घसा. त्या आवाजाचं माझं मलाच नवल वाटलं. केळीवाला म्हणाला, "तू आमच्या बागेत ये यार, वानर हाकलायला."

मला एकच गोष्ट हवी होती. पप्पांनी मला एकदा जिंकताना बघावं. बक्षीस, पुढच्या फेरीसाठी इंदूरला जाणं, नेटवर फोटो, हे सगळं बाकीच्यांना हवं होतं आणि मलाही चाललं असतं. पण घरात माझा मोबाइल म्हणजे लपवायची वस्तू होती. आई पाहुणे आले की तो उशीखाली सरकवायची. पप्पा काही म्हणायचे नाहीत, आणि त्यांचं हे काही न म्हणणंच मला खुपत होतं. म्हणून मी सरळ विचारलं, फायनलला आलो तर याल का? आई म्हणाली, नाइट आहे त्यांची, झोपतील का तुझ्या मागं फिरतील. पप्पा म्हणाले, "येऊन जाईल ना. शिफ्ट सुटली की गाडीतच बसतो."

फायनलला आम्ही आलो. समोर इंदूरच्या एका कॉलेजची टीम, सगळ्यांचे एकसारखे काळे टी-शर्ट, पाठीवर नंबर. आमचे टी-शर्ट केळीवाल्यानं सिंधीपुऱ्याच्या बाजारातून घासाघीस करून आणलेले, एकाची बाही दुसऱ्यापेक्षा लांब. तीन डावांतले दोन जिंकेल त्याची ट्रॉफी. हॉलमध्ये डीजे दणदणत होता, भिंतीएवढाले कूलर घरघरत होते, आणि माइकवरचा कॉमेंटेटर एका श्वासात पाच वाक्यं बोलत होता. पहिला डाव आम्ही हरलो, दुसरा जिंकलो. दोन्ही वेळा आम्ही घाटावर शिकल्यासारखे ओरडलो, आणि आमचा आवाज स्पीकरमधून परत येऊन आमच्याच अंगावर पडत होता. पप्पांचा पत्ता नव्हता. गाडी लेट होती.

तिसऱ्या डावाआधी थोडी सुट्टी होती, तेव्हा ते आले. पायात मिलचेच बूट, हातात रात्रीचा रिकामा डबा. पहिल्या रांगेत घरच्यांसाठी खुर्च्या ठेवल्या होत्या, त्यातल्या एकीवर बसले. मी स्टेजवरून हात हलवला, त्यांनीही हलवला. मग त्यांनी तोंडावरचा घाम पुसला आणि गमछा वाळावा म्हणून समोरच्या लोखंडी कठड्यावर टाकला. मी हेडसेट घालेपर्यंत त्यांची मान मागे गेली होती आणि तोंड उघडं पडलं होतं.

पुढे जे झालं ते आम्ही ठरवून केलं नाही. हे मी तेव्हाही सांगत होते आणि आताही सांगते. डाव सुरू झाला, मी बोलायला तोंड उघडलं, आणि समोर कठड्यावर लाल चौकड्यांचा गमछा आणि मागे झोपलेले पप्पा. माझं तोंड आपोआप मिटलं. मैत्रिणीचं मिटलं. तिच्या भावाचंही. केळीवाला शेवटच्या खुर्चीवर होता. त्यानं एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा गमछ्याकडे, आणि तोही गप्प झाला. खुर्च्या सरकल्या, गुडघ्याला गुडघा लागला, आणि आम्ही आमच्या ओसरीवर खेळायचो तसे खेळलो. इतका सुंदर डाव आम्ही कधीच खेळलो नव्हतो. चौघांतला एकही पडला नाही आणि समोरचे चारही गेले.

हॉल उठून ओरडत होता. पप्पा झोपले होते.

मग संयोजक स्टेजवर आले. निळा कोट, गळ्यात पट्टा, कपाळावर घाम. त्यांनी आमचे हेडसेट काढून स्वतःच्या कानाला लावून बघितले, मग एका मुलीला आमचे कान तपासायला लावले. कानात काही लपवलं आहे का, ते. माझ्या कानात आजीनं दिलेली कुडी होती, तीही काढायला लावली. लाइव्ह चालूच होतं. भुसावळची मावशीही तेव्हा ते बघत होती, हे मला नंतर कळलं.

"मॅडम, पूरे राउंड में आपकी टीम से एक आवाज़ नहीं आई," संयोजक म्हणाले. "और चारों एक साथ मुड़ रहे थे. कैसे?"

मी काही बोलायच्या आत केळीवाला म्हणाला, "सर, वो गमछा डला था ना."

"कौनसा गमछा?"

त्यानं बोट दाखवलं. कॅमेऱ्यावाल्यानं कॅमेरा तिकडे फिरवला, आणि मोठ्या स्क्रीनवर आधी गमछा दिसला, मग पप्पा, तोंड उघडं टाकून झोपलेले. सगळा हॉल हसला. माझ्या कानशिलांत जाळ झाला.

मी म्हटलं, "सर, मेरे पप्पा हैं. नाइट करके आए हैं, सो रहे हैं. हमारे यहाँ कोई सोता है तो आवाज़ नहीं करते."

"बेटा, यहाँ डीजे बज रहा है," ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. कानाचे पडदे फाटतील असा आवाज, आणि त्यात आम्ही चौघं एका झोपलेल्या माणसासाठी कुजबुजतही नव्हतो. कुणाला पटावं हे? पण एखादी गोष्ट वेडगळ असली म्हणून ती चोरी होत नाही. मी त्यांना गुडघ्यांचं सांगितलं, करून दाखवलं. नियमांत बाहेरचं यंत्र वापरू नये असं होतं, गुडघा वापरू नये असं कुठेच नव्हतं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, तुम्ही मुलं चांगली आहात, लांबवू नका. माइकवर येऊन एवढंच म्हणा की चूक झाली. दुसरा नंबर देऊन टाकतो, बात खतम.

मैत्रिणीनं माझा हात धरला. तिला मान्य करायचं होतं, आणि तिला मी दोष देत नाही. पण मी म्हटलं, "गलती नहीं हुई है. जो हुई नहीं वो मैं नहीं बोलूँगी."

"ठीक है," संयोजक म्हणाले. "फादर को उठाओ. उन्हीं से पूछ लेते हैं."

गळ्यात पट्टा घातलेली एक स्वयंसेविका पप्पांकडे निघाली. मी स्टेजवरून खाली उडी मारली. पायऱ्या होत्या, पण मी उडी मारली, गुडघा फुटला, आणि मी कठड्याच्या आत जाऊन पप्पांच्या खुर्चीपुढे उभी राहिले. आमच्या घरात त्यांना कुणी कधी उठवलं नव्हतं. आजोबा गेल्याची बातमी आली तेव्हासुद्धा आईनं त्यांची झोप होईपर्यंत वाट बघितली होती. आणि ही पट्टेवाली त्यांना हलवून विचारणार होती की तुमची मुलगी चोर आहे का.

"हात लावायचा नाही," मी मराठीतच म्हटलं. "यांना कुणी उठवायचं नाही. ट्रॉफी ठेवा तुमच्याकडे, पहिला नंबर त्यांना द्या, दुसराही त्यांनाच द्या. पण हे रात्रभर उभे होते. हे झोपणार."

बाई जागच्या जागी थांबली. बहुधा तिला माझ्या तोंडाकडे बघूनच समजलं असावं. मी तिथूनच वर बघून संयोजकांना म्हटलं, "आम्ही चोरी केली असं वाटत असेल ना, तर परत खेळवा. तुमच्या डोळ्यांसमोर. कॅमेरा गुडघ्यावर लावा."

त्यांनी नाहीच म्हटलं असतं. पण इंदूरच्या टीमचा कॅप्टन उठला. चष्मेवाला, शांत मुलगा. तो म्हणाला, "सर, खेल लेते हैं ना. मुझे भी देखना है ये लोग बिना बोले कैसे खेलते हैं." त्या एका वाक्यासाठी मी त्याला अजून मानते.

ठरलं. डाव परत. दोन्ही टीमचे माइक बंद. एक कॅमेरा आमच्या गुडघ्यांवर, एक कानांवर. आणि कुणाच्या कानात, खिशात काही वाजलं तर ते ऐकू यायला हवं, म्हणून सगळा आवाज बंद. डीजे बंद झाला. कॉमेंटेटर गप्प झाला, जे त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं. मग संयोजकांनी कूलरही बंद करायला सांगितले, आणि प्रेक्षकांना म्हणाले, एकानंही तोंड उघडलं तर हॉल रिकामा करीन. पोरांना मजा वाटली. सगळे तोंडावर बोट ठेवून बसले. भरलेला हॉल, आणि त्यात आमच्या कॉलनीतल्या दुपारसारखी शांतता.

आम्ही खेळलो. मला वाटलं होतं, ही तर आपलीच शांतता, यात आपल्याला कोण हरवणार. पण इंदूरवाले मघाशी आमचं बघून शहाणे झाले होते. आमच्या मैत्रिणीला त्यांनी आधी टिपलं, मग तिच्या भावाला. आम्हीही दोघांना उडवलं. उरले मी आणि केळीवाला, समोर दोघं. एक पाण्याची टाकी, तिच्यामागे ते आहेत हे मला दिसत होतं. मधल्या दोन खुर्च्यांवरच्या गुडघ्यांतून मी केळीवाल्याला तेच सांगत होते.

तेवढ्यात खालून आवाज आला.

"काय बंद पडलं?"

पप्पा उभे होते. डोळे धड उघडले नव्हते, पण दोन पावलं पुढे टाकून झाली होती, हात कुठलं तरी बटण शोधत होता, आणि आवाज मशीनच्या गडगडाटावरून पलीकडे पोचवायचा असतो तसा. इतक्या शांततेत तो छताला जाऊन आपटला. "अरे, काय बंद पडलं?"

मी मान वळवली. मला गोळी लागली. हॉल फुटल्यासारखा हसायला लागला.

आणि मग माझ्या आतलं काहीतरी सुटलं. इतकी वर्षं गिळलेलं एकदम वर आलं. मी उभी राहिले आणि माइक नसताना, हेडसेट गळ्यात असताना, ओरडले, "काही नाही बंद पडलं पप्पा, चालू आहे, बसा खाली." आणि त्याच दमात केळीवाल्याला, "टाकीमागे दोघं, डावीकडून जा, डावीकडून, बसून जा, आता मार." संयोजक हात वर करून धावत आले. मी त्यांना म्हटलं, "आवाज पाहिजे होता ना तुम्हाला? घ्या." आणि परत ओरडले. केळीवाला पण ओरडत होता, हॉल ओरडत होता. टाकीमागचा एक पडला. दुसरा तो चष्मेवाला होता. त्यानं केळीवाल्याला मारलं.

आम्ही हरलो. तो डाव आम्ही दोनदा खेळलो आणि एकदा जिंकलो, असं मी कुणालाही सांगते, पण कागदावर हरलो ते हरलोच. पप्पा आमच्या जिंकण्यात झोपले होते आणि हरण्याला जागे झाले. मला जे हवं होतं ते मिळालं नाही.

ट्रॉफी देऊन झाली. मी संयोजकांपाशी गेले आणि म्हटलं, आता माइकवर सांगा की आम्ही चोरी केली नव्हती. ते म्हणाले, निकाल लागला ना बेटा, घरी जा. मी म्हटलं, निकाल लागला, चोर म्हणालात ते तसंच राहिलं. खुर्च्या उचलायला माणसं आली तरी मी उभी होते. माझ्या बाजूला केळीवाला येऊन उभा राहिला, मग बहीण-भाऊ, मग इंदूरचा चष्मेवालाही, बगलेत ट्रॉफी. शेवटी त्यांनी माइक घेतला आणि भराभरा म्हणाले की बुऱ्हाणपूरच्या टीमचा खेळ साफ होता, कुठलीही गडबड आढळली नाही. उरलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी "गमछा टीम" म्हणून ओरडलं, आणि यावेळी मला त्याचा राग आला नाही.

परतीच्या गाडीत पप्पा आणि मी समोरासमोर खिडकीशी बसलो. त्यांनी माझा फुटलेला गुडघा बघितला आणि गमछ्याचं टोक पाण्यानं ओलं करून दिलं.

"मी झोपलो होतो तेव्हा जिंकली होती का तू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग उठवायचं नव्हतं ना मला."

"कुणी उठवलं? मी कुणाला हात लावू दिला नाही. उलट सगळा हॉल गप्प केला होता. कूलरसुद्धा बंद."

"तेच तर," पप्पा म्हणाले. "गप झालं की जाग येते. मशीन चालू असलं तर मानूस उभ्या उभ्या झोपून जाते. बंद पडलं की पहिले जाग येते, मंग कारन समजते. आम्हा सगळ्यायचं तसंच आहे."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. गाडीच्या खडखडाटात त्यांचे डोळे परत मिटायला लागले होते. मी म्हटलं, "मग घरी?"

त्यांनी डोळे उघडले.

"घरी कुठची झोप बेटा. पडून ऱ्हायचो भिंतीकडं तोंड करून. तू दारातून पाहून जायची ना, समजायचं मला. हललो तर तुम्हाला वाटलं असतं, आवाजानं उठलो. म्हणून हलत नव्हतो."

"आणि इतकी वर्षं सांगितलं नाही?"

"काय सांगू? तुझी आई कुकर लावत नव्हती माझ्यासाठी. लहान लेकरं चपला हातात घेऊन चालायची. अख्खी कॉलनी करून ऱ्हायली, आणि मी कोणत्या तोंडानं सांगू की मला झोप येत नाही?" मग म्हणाले, "आईला नको सांगू. तिला लई वाईट वाटेल."

नाही सांगणार, मी म्हटलं. मला रडू आलं नाही. राग आला, खरा राग. त्यांचा, आईचा, फाटकाचा, त्या गमछ्याचा. आम्ही तोंड दाबून बसलो ते त्यांच्यासाठी, आणि ते न हलता पडून राहिले ते आमच्यासाठी, आणि मधल्या पातळ भिंतीपलीकडे कुणी एकदा तरी विचारायचं ना. मी खिडकीबाहेर बघत होते. केळीच्या बागा मागे जात होत्या. पप्पा मधेच म्हणाले, "तू ओरडली ना तिथं, तुझा आवाज असा आहे, मला माहीतच नव्हतं. मशीनवर लागते असा आवाज." आणि मान मागे टाकून झोपले. तोंड उघडं, आणि घोरणं असं की समोरच्या बाकावरचं पोर त्यांच्याकडे बघत बसलं. नेपानगर आलं तेव्हा मी त्यांना हाक मारून उठवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढच्या रात्रपाळीनंतर सकाळी आईनं गमछा फाटकावर टाकला. मी तो काढला, घडी केली आणि कपाटात ठेवला. ओसरीवर बसून केळीवाल्याला फोन लावला आणि घाटावर खेळायचो तशी ओरडत खेळायला लागले. आई धावत आली. आधी हातवारे केले, मग डोळे वटारले, शेवटी तिचा तोल सुटला आणि ती मोठ्यानं म्हणाली, लाज आहे का तुला, बाप झोपलाय आत. मी म्हटलं, झोपू दे ना, मी कुठे नाही म्हणते. तिनं मला निर्लज्ज म्हटलं, मोबाइल फेकून देईन म्हटलं, आणि भांडण इतकं तापलं की शेजारची मैत्रीणही कुंपणाशी येऊन उभी राहिली. मी खरं सांगून मोकळी होऊ शकले असते. पप्पांना शब्द दिला होता म्हणून मी नुसती भांडत राहिले. आईला बोलता बोलता दम लागला, ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज आला.

आईनं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ती आत गेली आणि भांडी घासायला बसली, नेहमीपेक्षा जरा जास्तच आपटत.

कॉलनीत अजून मला बेशरम म्हणतात. म्हणू देत. आमच्या फाटकावर आता गमछा नसतो, घरात कुकरच्या शिट्ट्या होतात आणि मी मोठ्यानं खेळते. हे छापून आलं की आई वाचेल आणि पप्पांना दिलेला शब्द मोडला म्हणून माझ्याशी भांडेल. भांडू दे, चांगलं मोठ्यानं भांडू दे. पप्पांची नाइट झाली आहे आणि ते आत झोपले आहेत.